बर्फाच्या बादलीत वीस मिनिटं

रशिया क्लस्टर, इंटरनॅशनल सिटी, दुबई
४ मे २०२५

चि. पर्णिका,

आशीर्वाद नेहमीचेच, ते शिळे होत नाहीत. आता कामाचं बोलू.

फोटो काढून पाठवलेलं तुझं पत्र आणि तुमच्या स्वीडनच्या ट्रेकच्या तयारीची यादी मिळाली. पहिल्यांदा वाचून हसलो, दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचली. 'दिवसभराची वाट, चौदा किलोमीटर, त्यातले पाच दलदलीतून. पाय ओले होणार हे धरूनच यावे.' अगं, तुझ्या काकानं छत्तीस वर्षं पाय ओले करूनच भाकरी मिळवली आहे. लोकांना वाटतं दुबईत वाळूच वाळू. ती वरवरची. दोन-तीन मीटर खणलं की पाणी लागतं, तेही खारट. टॉवर उभा करायचा तर आधी खड्ड्यातलं पाणी उपसावं लागतं, आणि ते उपसणारा मी. पाईप गाडायचे, पंप लावायचे, महिनोन् महिने पाणी ओढत राहायचं. इमारत पुरेशी जड झाली की पंप बंद. खलास. मग पाणी मुकाट्यानं आपल्या जागी परत येतं. वरच्या मजल्यावर लोक कॉफी पीत बसतात आणि खाली पाणी उभं असतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

म्हणून तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. तिथली दलदल वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, म्हणजे मीटरभर खोल दलदल ही हजार वर्षांची. आम्ही मीटरभर पाणी एका दिवसात उतरवायचो आणि वर छाती काढून फिरायचो! ज्या जमिनीचं पाणी कुणी कधी उपसलेलं नाही, तिच्यावर मला एकदा उभं राहायचं आहे. डिसेंबरात रिटायर होऊन कायमचं इचलकरंजीला जायच्या आधी. तिथं गेलो की मग मी आणि चौकातला बाक.

तुझी काकू म्हणते, 'चिखल बघायला विमानानं कशाला जायचं?' तिला सांगितलं, आपण रशियात राहतो, थंडीची सवय आहे. आमच्या क्लस्टरचं नाव रशिया आहे, एवढाच काय तो आमचा बर्फाशी संबंध. आज बाहेर एकेचाळीस आहे.

आता इथे घरी सराव काय काय करू ते नीट लिही.

तुझा,
बापूकाका

*

१८ मे २०२५
डोंगरातलं ठाणं, उत्तर स्वीडन

बापूकाका,

वाकून नमस्कार केला आहे असं समजा. इथे खरंच वाकलं तर नाक बर्फाला टेकतं.

बर्फ आता वितळायला लागला आहे. दिवसभर सगळीकडून बारीक आवाज येतो, कुणीतरी शेकडो नळ अर्धवट बंद करून गेल्यासारखा. दलदल वर येते आहे. तिच्यावर पहिलं पाऊल ठेवलं की जमीन दबते, आणि तीन पावलांवरचं एक चिमुकलं झाड मान हलवतं. इथल्या ठाण्यात गाइड होऊन तीन वर्षं झाली, मी अजून त्या झाडाला दचकते. आपण एका जागी उभे आहोत आणि जमिनीला दुसऱ्या जागी कळतं आहे.

तुम्ही येताय याचा आनंद कसा लिहू? यंदा पहिल्यांदा गट माझ्या एकटीच्या हातात आहे. पंधरा ऑगस्ट, सहा माणसं, आणि यादीत पहिलं नाव तुमचं. पण एक आधीच सांगते. गाइडनं 'नाही' म्हटलं की नाही. तिथे मी तुमची पुतणी नसेन.

तयारी अशी. जिने चढा. बूट मोज्यांसकट भिजवा आणि ते घालून दोन तास चाला, कारण तिथे असंच चालायचं आहे. सुती कपडा एकही नको, अगदी बनियनसुद्धा. ओला कापूस अंगातली ऊब ओढून घेतो. आणि एकदा बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं पाय ठेवून बघा. कसं वाटतं ते खरं खरं लिहा.

खरं लिहा, कारण नियम तुमचाच. मी आठ वर्षांची, अबुधाबीत. तुम्ही मराठीत विचारायचात आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. वैतागून तुम्ही मला महिन्याला एक मराठी पत्र लावलंत. लाल पेनानं चुका काढून ते परत यायचं. एकदा मी लिहिलं होतं, 'मी रोज दूध पिते.' तुम्ही खाली लाल रेघ मारून लिहिलंत, 'आईला विचारलं. पीत नाहीस.' आणि पुढे तो नियम: फोनवर हव्या तेवढ्या थापा मार, पत्रात खोटं लिहायचं नाही.

ते पत्र माझ्याकडे अजून आहे. दूध मी अजून पीत नाही.

तुमची,
पर्णिका

*

दुबई, २२ जून २०२५

चि. पर्णिका,

आशीर्वाद. तुझा काका सध्या सबंध इंटरनॅशनल सिटीच्या करमणुकीचा विषय झाला आहे.

जिन्यांपासून सांगतो. आमच्या बिल्डिंगला मजले चारच, म्हणून पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन बारा वेळा वर-खाली. तिसऱ्या दिवशी वॉचमननं विचारलं, 'बापूभाई, लिफ्ट खराब है क्या?' म्हटलं, लिफ्ट ठीक है, मैं खराब हूँ.

ओले बूट. बाहेर पंचेचाळीस, बूट दहा मिनिटांत वाळतात. म्हणून ड्रॅगन मार्टमध्ये, शेजारच्या मोठ्या मॉलमध्ये, गेलो. एसीत, टाइल्सवर, भिजवलेले बूट घालून, पचक पचक पचक. झुंबरांच्या दुकानापासून बाथरूमच्या नळांपर्यंत आणि परत, असे दोन तास. मागे पाण्याचे ठसे. सिक्युरिटीवाला पाऊण तास त्या ठशांच्या मागावर होता. सापडलो तेव्हा त्याला दलदल समजावून सांगितली. तो नेपाळचा, डोंगर त्याला माहीत. म्हणाला, 'अंकल, यल्ला, चलो, पर फिसलना मत.'

बनियनचं मात्र मनाला लागलं. इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला तू कापूस टाकायला सांगतेस! टाकला. पॉलिस्टरचे दोन घेतले. अंगाला अजिबात आवडत नाहीत.

आता खरी बातमी. बर्फाची परीक्षा! खालच्या ग्रोसरीतून बर्फाच्या तीन पिशव्या आणल्या आणि बादलीत ओतल्या. शेजारचा अर्श आला होता. तिशीतला गडी, जिमला जातो, दंड दाखवत फिरतो. म्हणाला, 'अंकल, पहले मैं.' पाय घातले आणि चाळिसाव्या सेकंदाला ओरडत बाहेर! लंगडत सोफ्यावर जाऊन बसला. मग मी बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. गार लागतंय असंही म्हणवेना. वीस मिनिटं पेपर वाचत बसलो, आणि उठलो तो तुझ्या मीनाक्षीकाकूनं बादली काढून घेतली म्हणून. अर्शचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. म्हणतो, 'अंकल, आप आदमी हो या पत्थर?'

तर गाइडबाई, मांडा मार्क. छत्तीस वर्षं खड्ड्यातल्या पाण्यात उभं राहून हे पाय तयार झाले आहेत. तुझी दलदल यांना काय करणार?

तुझा,
बापूकाका

*

२५ जून २०२५

बापूकाका,

तुमचं पत्र ठाण्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. ड्रॅगन मार्टला सगळे हसले. बादलीला कुणीच हसलं नाही.

काका, बर्फाच्या पाण्यात पहिल्याच मिनिटात दुखायला हवं. अर्शला दुखलं, ते बरोबर झालं. मला दुखतं. इथे जन्मलेल्या माणसांना दुखतं. सवयीनं दुखणं सोसता येतं, पण दुखायचं थांबत नाही. तुम्हाला 'गार लागतंय असंही म्हणवेना', हे तुम्ही बढाई म्हणून लिहिलं आहे. मी ते चार वेळा वाचलं आणि लगेच हे पत्र लिहायला बसले.

तुम्हाला साखर आहे, अकरा वर्षं. तळपायाला शेवटचा चटका कधी बसला ते आठवतं का? बुटात खडा गेलेला कळतो का? दलदलीत थंडी पायाला लागते, म्हणून आपण तिथून निघतो. पायाला कळलंच नाही तर माणूस हसत हसत उभा राहतो आणि बोटं जातात.

कृपा करून डॉक्टरकडे जा. पायाच्या डॉक्टरकडे. काय म्हणाले ते पत्रात लिहा.

पर्णिका

*

दुबई, २ जुलै २०२५

चि. पर्णिका,

तुझी काळजी पोचली. एवढं मनावर घेऊ नकोस. माझी साखर कंट्रोलमध्ये आहे. तिकीट काढलं आहे, स्वीडनचा व्हिसाही आला आहे. डॉक्टरकडे जाईन, इन्शाल्ला. तू लहान असल्यापासून घाबरट. अबुधाबीच्या कॉर्निशवर, समुद्रकाठी, खेकडा बघून माझ्या खांद्यावर चढली होतीस, आठवतं का?

इकडे उन्हाळा कडक आहे. बाकी ठीक.

बापूकाका

*

दुबई, ९ जुलै २०२५

प्रिय पर्णिका,

हे माझं तुला पहिलंच पत्र. तुम्हा दोघांच्या पत्रांत मी कधी पडले नाही, पण आता गप्प बसवत नाही.

ह्यांचं 'इन्शाल्ला' तू इकडेच वाढलीस म्हणून तुला कळतंच. एसीवाला इन्शाल्ला म्हणाला की तो त्या दिवशी येत नाही. तसेच हेही डॉक्टरकडे गेलेले नाहीत.

ड्रॅगन मार्टहून आले त्या दिवशी मोज्याची टाच रक्तानं भरली होती. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, 'कुठाय?' अगं, लपवत असते तर मी भांडले असते. लपवत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. वाटीएवढा फोड फुटला होता आणि ते वरणाला फोडणी कसली दिली म्हणून विचारत होते. मला तेव्हा फार भीती वाटली.

आणखी एक सांगते. लग्नानंतर पहिली सात वर्षं मी इचलकरंजीत आणि हे इथे. दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं. 'मी ऑफिसात असतो, टेबल आहे, एसी आहे, जेवण उत्तम.' मी ती पत्रं शेजारणींना वाचून दाखवायचे. मग शहाण्णव साली मी इथे आले. पहिल्या दिवशी ह्यांनी बूट काढले आणि मी ते पाय बघितले. पांढरे पडलेले, बोटांच्या मधे सोललेले, नखं काळी. खाऱ्या पाण्याच्या खड्ड्यात दिवसाला दहा तास उभे राहत होते. टेबलही नव्हतं आणि एसीही नव्हता. मी उठले. गरम पाणी केलं.

तुला जो नियम घातला, पत्रात खोटं लिहायचं नाही, तो कुठून आला हे आता तुला कळलं असेल. त्यांनी स्वतः मोडून बघितला होता.

मी त्यांना जाऊ नका म्हणणार नाही. रोज संध्याकाळी तू पाठवलेला तो चिखलाचा फोटो मोठा करून बघतात. देवाचा बघावा तसा बघतात. पण तू गाइड आहेस. तुला जे करायला लागेल ते कर.

तुझी,
मीनाक्षीकाकू

*

११ जुलै २०२५

बापूकाका,

तुमचं नाव मी पंधरा ऑगस्टच्या यादीतून काढलं आहे.

हे लिहायला तीन कागद फाडले. ज्या माणसानं मला खांद्यावर घेऊन खेकड्यापासून वाचवलं, त्याला मी 'नाही' म्हणते आहे. पण तुमच्या जागी दुसरं कुणी असतं आणि त्यानं बादलीचं हे वर्णन लिहिलं असतं, तर मी एका ओळीत नाव काढलं असतं. तुमच्यासाठी दोन आठवडे थांबले, ते चुकलंच.

तुम्ही पत्रात खोटं लिहिलं नाहीत. पण जे लिहायचं टाळलंत ते वेगळं कसं? डॉक्टरकडे जा. दलदलीसाठी नका जाऊ. काकूसाठी जा.

रागावलात तर रागवा. पण पत्र लिहा.

पर्णिका

*

दुबई, ३० जुलै २०२५

चि. पर्णिका,

एकोणीस दिवस पत्र लिहिलं नाही. रागावलो होतो. पहिले चार दिवस तुझ्यावर, पुढचे मीनाक्षीवर, आणि मग रागवायला घरात दुसरं कुणी उरलं नाही.

परवा गेलो डॉक्टरकडे. डॉक्टर नबिला नावाची बाई आहे, तुझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी असेल. तिच्याकडे नायलॉनचा एक धागा होता, पतंगाच्या मांज्याएवढा. म्हणाली, 'अंकल, आँखें बंद कीजिए. मैं धागा लगाऊँगी, जब पता चले तब हाँ बोलिए.' मी डोळे मिटून बसलो आणि वाट बघू लागलो. खूप वेळ काहीच होईना. मला वाटलं बाई फोनवर बोलायला गेली. एकदा हाँ म्हटलं, मग बऱ्याच वेळानं आणखी दोनदा. डोळे उघडले तर ती पायाशीच बसली होती. दहा ठिकाणी धागा टेकवला होता. मला तीनच कळली.

पर्णिका, दुबईत खड्ड्याशेजारून ट्रक गेला तरी मला पाईपवर हात ठेवून सांगता येतं की पंप पाणी ओढतोय की हवा. पाण्याचा पाईप भरल्या अंगानं थरथरतो, हवेचा पोकळ थरथरतो. नवीन पोरं मीटर बघतात, मी तळहात ठेवतो. आणि माझ्याच तळपायाला सात वेळा कुणी हात लावून गेलं ते मला कळलं नाही. डॉक्टरबाईनं मग तोच धागा हातांना लावून बघितला. तिथे मात्र दहापैकी दहा. म्हणाली, 'हाथ तो कमाल के हैं, अंकल.'

आता जे लिहायचं टाळलं ते लिहितो. दोन वर्षांपूर्वी, जूनच्या भर दुपारी, खालच्या पार्किंगमध्ये माझी एक चप्पल पायातून निसटली. मला पत्ता नाही. तसाच तापल्या डांबरावरून चालत आलो. वॉचमननं मागून धावत येऊन चप्पल दिली. मी त्याला हसलो आणि घरी कुणाला सांगितलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मग तुझ्या पत्रात बादलीचं कौतुक केलं, कारण न दुखण्याला ताकद म्हणणं सोपं होतं.

तू नाव काढलंस ते योग्य केलंस. तिकीट रद्द करतो. फक्त एक कर. पुढच्या वेळी त्या दलदलीवर पाय ठेवशील तेव्हा ते चिमुकलं झाड मान हलवेल, तेव्हा त्याला सांग, एक जण येणार होता.

तुझा,
बापूकाका

*

२ ऑगस्ट २०२५

बापूकाका,

तिकीट रद्द करू नका.

पंधरा तारखेला मी गट घेऊन जाणार आहे, त्यात तुम्ही नाही. सोळा तारखेला दुसरी यादी आहे. तिच्यात एकच नाव आहे.

दलदलीच्या कडेपासून आत फळ्यांची वाट जाते. दोन फळ्या शेजारी शेजारी, दोन किलोमीटर, थेट दलदलीच्या मध्यापर्यंत. तेवढंच चालायचं. पाय कोरडे ठेवायचे. फळी सोडून एकही पाऊल नाही. दर अर्ध्या तासानं मी तुमचे बूट आणि मोजे काढून पाय बघणार, आणि तुम्ही 'अगं राहू दे' म्हणायचं नाही. डॉक्टर नबिलांना हे सगळं वाचून दाखवा. त्या नाही म्हणाल्या तर मीही नाही म्हणेन.

तुम्हाला त्या जमिनीवर उभं राहायचं होतं. ते जमणार नाही, आणि ते मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण तुमचे हात मला माहीत आहेत. हात घेऊन या.

तुमची,
पर्णिका

ता. क. बनियन पॉलिस्टरचेच.

*

डोंगरातलं ठाणं, १७ ऑगस्ट २०२५

मीनाक्षी,

तुला पत्र लिहून एकोणतीस वर्षं झाली. गणपतीच्या आधी मी घरी येतोच आहे, पण हे तोंडानं सांगायला मला जमणार नाही. पर्णिका फोटो काढून तुला पाठवेल.

डॉक्टरबाईनं हो म्हटलं तेव्हा तू देवापुढे साखर ठेवलीस आणि मग माझ्याकडे बघून ती उचलून ठेवलीस. ते मी बघितलं होतं.

काल सकाळी नऊला निघालो. तिनं कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक आपल्या कमरेला. लोखंडाची एक लांब सळई घेतली होती. पहिला अर्धा तास खुरट्या झाडांतून गेला. मग झाडं संपली आणि समोर जे दिसलं त्यापुढे मी फळीवरच थांबलो. मीनाक्षी, कसं सांगू? सगळं पाणी, आणि सगळी जमीन, आणि दोन्हीत फरक नाही. लाल, पिवळं, गर्द हिरवं शेवाळ डोंगराच्या पायथ्यापर्यंत. मधे काळ्या पाण्याची डबकी, शेकडो, आणि प्रत्येकात डोंगर उलटा उभा, जराही न थरथरता. मी आयुष्यभर पाणी बघितलं, पण पंपाच्या आवाजाशिवाय कधी बघितलं नव्हतं. इतकं पाणी, आणि इतकं गप्प. मला टोपी काढावीशी वाटली. काढली.

दर अर्ध्या तासानं पोरगी फळीवर गुडघे टेकायची, माझे बूट काढायची, मोजे काढायची, आणि एकेक बोट उजेडात धरून बघायची. अबुधाबीत वाढलेली पोर. सणावारी वाकून नमस्कार कर म्हटलं की 'काका, please' म्हणायची. काल चार तासांत आठ वेळा माझे पाय हातात घेतले तिनं. मी 'अगं राहू दे' म्हणालो नाही. म्हणवलंच नाही.

दलदलीच्या मध्यावर फळीला लागूनच एक उंचवटा आहे. तिनं सांगितलं, याच्या पोटात बर्फ आहे, शेकडो वर्षांचा, उन्हाळ्यातही न वितळलेला. आता दरवर्षी थोडा थोडा कमी होतो आहे. तिनं सळई माझ्या हातात दिली. म्हणाली, 'दाबा, आणि काय कळतं ते सांगा.' मी दाबली. आधी शेवाळ, मऊ. मग पाणी. मग जुनं, घट्ट काहीतरी. मग टक्. ते टक् तळहातातून कोपरापर्यंत आलं. मी म्हणालो, इथे आहे, पण डावीकडे पोकळ आहे, तिथून पाणी आत शिरतंय. तिनं डावीकडे स्वतः सळई घालून बघितली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतर म्हणाली, 'काका, हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.'

मग मी फळीवर चटई टाकून पालथा झालो. पॉलिस्टरच्या बनियनची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि शेवाळाच्या भेगेतून हात आत घातला. ती म्हणाली, एकदाच, आणि हळू. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा टेकला. गार, गार, आणखी गार. दुखायला लागलं. मीनाक्षी, काय दुखलं म्हणून सांगू! बोटं ओरडत होती. मला इतका आनंद झाला. अर्श चाळीस सेकंदांत ओरडला होता तो का, ते मला काल कळलं. आणि मग बोटांच्या टोकांना बर्फ लागला. गुळगुळीत, कडक, अंधारात. आपल्या सगळ्यांच्या आधीपासून तिथे असलेला. मी तळहात त्याच्यावर पूर्ण टेकवला, जसा पाईपवर टेकवतो. थरथर नव्हती. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. नुसतं होतं.

तीसपर्यंत आकडे मोजून तिनं मला हात बाहेर काढायला लावला आणि वरचं शेवाळ होतं तसं सारखं केलं. मी तिथे उभा राहिलो नाही. जमिनीवर एक पाऊलही ठेवलं नाही. पण हात ठेवून आलो.

आता जे तुला सांगायचं आहे ते. मला तळपायाला काही कळत नाही. दोन वर्षं झाली. तुला सांगितलं नाही, जसं तेव्हा खड्ड्याचं सांगितलं नव्हतं. तेव्हा तू काही न विचारता गरम पाणी केलंस. या वेळी गरम पाणी करशील तर आधी तुझा हात घालून बघ, मला चटका बसलेला कळणार नाही. आणि रोज एकदा माझे पाय बघत जा. मी हे तुला विचारतो आहे, कारण मला एकट्याला जमणार नाही.

या पत्रात एक अक्षर खोटं नाही. हवं तर पर्णिकाला विचार, फोटो काढायच्या आधी ती वाचणारच आहे. हात बाहेर काढून उठून बसलो तेव्हा डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, ते तेवढं वाऱ्यामुळे.

तुझा,
बापू

*(शेवटच्या वाक्याखाली लाल पेनाची रेघ, आणि समासात लाल अक्षरात:)*

काल वारा नव्हता.
— पर्णिका